तात्यांनी अडवलेलं पाणी

पाण्याचा नुसता वास घेऊन तात्या सांगायचे, आज पेंट शॉपमध्ये कुठली टाकी धुतली. मी केमिस्ट्रीची एमएस्सी. नमुना तपासून त्याच उत्तरावर यायला मला तासभर लागे. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग रंगवले जात आणि त्यातून निघणारं घाण पाणी शुद्ध करायचा प्लांट तात्या चालवत. गावची जमीन कंपनीत गेली, त्या बदल्यात मिळालेली ही नोकरी. शाळा सातवीपर्यंत.

प्लांटच्या मोठ्या टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवलेले असतात; पाण्यातली घाण तेच खातात. सुट्टीत कारखान्याचं पाणी आटलं, की तात्या त्यांच्यासाठी गूळ कालवून टाकीत सोडत. "दावणीची जनावरं उपाशी ठेवून आपुन जेवायचं न्हाई," म्हणत, आणि मगच स्वतःचा डबा उघडत.

मी रुजू होऊन तीनच महिने झाले होते, नोकरी पक्की व्हायची होती. एका सकाळी पेंट शॉपने न कळवता जुन्या ॲसिडची टाकी रिकामी केली आणि आमची साठवण टाकी काठोकाठ भरली. प्रॉडक्शन मॅनेजर धावत आले. रंगकामाची लाइन थांबवायची नव्हती, म्हणून ओढ्याकडे जाणाऱ्या जुन्या पाइपचा व्हॉल्व्ह अर्धा तास उघडा, असं त्यांनी फर्मावलं. तात्यांनी पान्याने व्हॉल्व्हचं चाक काढलं आणि ते मांडीवर घेऊन बसले. खालच्या वस्तीची गुरं त्या ओढ्यावर पाणी पितात, एवढंच म्हणाले.

मॅनेजर माझ्याकडे वळले. पाणी फारसं वाईट नाही, असं मी लिहून द्यावं, ही त्यांची अपेक्षा. मी तात्यांकडे पाहिलं.

"ताई, तुमी फकस्त आकडा सांगा. खरा. बाकीचं आमी बघतो."

मी सांगितला. पीएच एकच्याही खाली, कातडी भाजेल असं पाणी. लाइन जेवणाच्या सुट्टीपर्यंत बंद राहिली.

दुसऱ्या दिवशी तात्यांची बदली भंगार यार्डात झाली. त्यांच्या जागी आलेला ऑपरेटर पुस्तकाप्रमाणे सगळं करी, पण पंधरा दिवसांत जिवाणू मेले, टाकी काळी पडली, दुर्गंधी ऑफिसपर्यंत गेली. मी प्लांट हेडच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, मशीन ठीक आहे, ते समजणारा माणूस आपण भंगारात टाकलाय. तात्यांना परत बोलावण्यासाठी त्यांनी फोन उचलेपर्यंत मी हलले नाही.

तात्या परत आले ते सायकलला शेणाची बादली लावूनच; शेणातल्या जिवाणूंनी टाकी पुन्हा जिवंत करायची होती. टाकी ताळ्यावर यायला तीन आठवडे लागले. त्याआधीच त्यांनी वेल्डर बोलावून ओढ्याकडचा पाइप कापून कायमचा बंद करून घेतला. त्यासाठी परवानगी कोणाची घेतली, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी हॉलमधला सत्कार उरकून तात्या पत्नीला प्लांटवर घेऊन आले. इतकी वर्षं नवऱ्याच्या कपड्यांचा वास काढणाऱ्या काकूंनी प्लांट कधी पाहिलाच नव्हता. आधी त्यांना येणारं पाणी दाखवलं, काळपट, फेसाळ. मग टोकाला नेऊन शेवटच्या नळाचं. काकूंनी ओंजळीत घेऊन ते बराच वेळ पाहिलं.

"हे तुमी करता व्हय?" त्यांनी विचारलं.

"आमी," तात्या म्हणाले, आणि माझ्याकडे बोट दाखवलं.