बाहेरचा खेळाडू बिरू

बिरू गेल्याचा फोन आधी आमच्या गावात आलाच नाही. भांडगावजवळ हायवेवर एका ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं, तेव्हा त्याच्या अंगात केंदूरच्या क्रिकेट संघाचा टी-शर्ट होता. पोलिसांनी साहजिकच केंदूरला फोन लावला. तिथले म्हणाले, आमच्याकडून खेळतो, पण आमचा नाही. खिशातल्या आधार कार्डावर दौंड तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावाचा पत्ता निघाला. तिथले म्हणाले, खेळून गेलाय, पण राहायला कधी नव्हता. असं करत करत भर दुपारी गेलेल्या माणसाची बातमी त्याच्या स्वतःच्या गावाला दिवस मावळताना कळली. दीड महिना झाला या गोष्टीला. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो कुणाकुणावर आहे हे मला नीट माहीत आहे. त्यात मीही आहे.

आमचं गाव न्हावऱ्याच्या पुढं, ऊस आणि कांद्याचं. बिरूचे वडील मेंढरं घेऊन दरवर्षी पार कोकणात उतरायचे. बिरू चौथीत असताना त्यांनी मेंढरं विकली, गावाच्या कडेला दोन एकर रान घेतलं आणि ते इथलेच झाले... निदान मी तरी तसं समजत होतो. शाळेत तो माझ्या शेजारी बसायचा. कळपातलं मेंढरू भलतीकडं निघालं की लांबून दगड टाकून त्याला वळवायचं, हे त्याला तेव्हापासून येत होतं. दगड मेंढराला लागता कामा नये, पण पडायला हवा बरोबर त्याच्या नाकासमोर. पुढं टेनिस बॉल क्रिकेटमध्ये हाच हात कामाला आला. बाउंड्रीवरून त्यानं टाकलेला चेंडू घ्यायला विकेटकीपरला जागचं हलावं लागत नसे.

वीस वर्षं तो खेळला. शिरूर, दौंड, नदीपलीकडं श्रीगोंद्यापर्यंत. ओपन स्पर्धेत प्रत्येक संघाला दोन-तीन बाहेरचे खेळाडू घेता येतात. त्यांना पेट्रोल, जेवण आणि थोडंफार मानधन मिळतं. षटकार मारणाऱ्याला आणि जोरात बॉल टाकणाऱ्याला सगळेच बोलावतात. नुसती बाउंड्री राखायला बोलावलेला माणूस मी बिरूशिवाय दुसरा पाहिला नाही. बॅटिंग त्याची यथातथाच होती. पण उंच चेंडू उडाला की माईकवरचा पोरगा ओरडायचा, ‘खाली बिरूदादा हाय, पुढच्या फलंदाजानं तयार ऱ्हावं!’ मैदानभर हशा पिकायचा आणि चेंडू बिरूच्या हातात आलेला असायचा. घरच्या शेताकडं त्याचं फारसं लक्ष नव्हतं हेही खरं. ते सगळं त्याच्या बायकोनं, मंगलवहिनींनी ओढलं, आणि त्यापायी त्यांची भांडणंही व्हायची.

ओपनखेरीज दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धा असतात, ‘एक गाव एक संघ’. तिथं बाहेरचा खेळाडू चालत नाही. सकाळी आधार कार्ड दाखवायचं, पत्ता त्याच गावचा असेल तरच मैदानात उतरायचं. अशाच एका स्पर्धेसाठी त्या नदीकाठच्या गावाला बिरू हवा होता. मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर असतो. तो हसतहसत आला. ‘सुन्या, माझा पत्ता बदलायचा हाय.’

‘का रं, दुसरं लगीन केलंस व्हय?’

‘न्हाय रं, मॅच हाय.’

अर्ज मीच भरून दिला. दोघंही हसलो. मॅच झाली, कप आला, पत्ता मात्र तिकडंच राहिला. परत आणू, आणू म्हणत मीही विसरलो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावाची नवी पोरं ‘एक गाव एक संघ’च्या फायनलला पोचली. बिरू तेव्हा चाळिशीला टेकला होता. तो मला म्हणाला, ‘इतक्या गावांची नावं छातीवर घातली, सुन्या. एकदा आपल्या गावाचं घालू दे. मंग मी घरी बसाया मोकळा.’ पोरांनी त्याच्यासाठी टी-शर्ट छापून आणला. सकाळी तो अंगात घालून मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर होता. कार्ड तपासताना समोरच्या संघानं हरकत घेतली. आयोजक भले होते. म्हणाले, ‘तुमच्या सरपंचांचा रहिवासी दाखला आणा, आम्ही खेळवतो.’ सरपंच मांडवातच बसले होते. ऑफिसची किल्ली माझ्या खिशात होती. गाव चार किलोमीटरवर.

आमच्या गावच्या क्रिकेट कमिटीचे प्रमुख म्हणजे आप्पा. गावात त्यांच्या शब्दापुढं कोणी जात नाही. ते म्हणाले, ‘दाखला देऊन उद्या कुणी तक्रार केली, म्हंजी सगळा संघ बाद. आन् ह्यांचं गाव असं हायच कुठं? बाप मेंढरांमागं, ह्यो चेंडूमागं. त्याच्यापायी कप घालवायचा का?’ सरपंच मोबाईल बघू लागले. बिरू माझ्याकडं वळून एवढंच म्हणाला, ‘सुन्या, तू सांग की.’

मी म्हणालो, ‘आप्पा म्हणत्यात तसं करू.’

बस्स, एवढंच बोललो मी. बिरूनं टी-शर्ट काढला, घडी घातली आणि कमिटीच्या पिशवीत ठेवला. मॅच त्यानं मांडवात बसून पाहिली. शेवटच्या षटकात लाँग ऑनला सरळ हातात आलेला झेल आमच्या पोराकडून सुटला आणि आम्ही हरलो. संध्याकाळी स्टँडवर चहाला सगळे जमले, तर आप्पांचाच पुतण्या म्हणाला, ‘धा गावांसाठी पळतो, आन् आपल्या येळंला मांडवात बसला.’ माना हलल्या. खरं काय ते मला ठाऊक होतं. मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

त्यानंतर बिरू बाहेरच्या गावांकडून खेळतच राहिला, पण आमच्या गावच्या मैदानावर त्यानं पाय ठेवला नाही. माझ्याशी बोलणं टाकलं नाही, हे त्याचं मोठेपण. एकदा मीच धीर करून विचारलं, ‘बिरू, तुझा पत्ता परत आणायचा का?’

‘कुठं?’ तो म्हणाला, आणि गाडीला किक मारून निघून गेला.

अपघातानंतर चौथ्या दिवशी स्टँडवर त्याचा फ्लेक्स लागला, ‘गावचे सुपुत्र’ म्हणून. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांत पहिला फोटो आप्पांचा. मला तिथून जाताना मान खाली घालावी लागते.

परवा मंगलवहिनी ऑफिसात आल्या. दोन एकरांना वारस लावायचे आहेत. आधारवरचा पत्ता दुसरीकडचा, म्हणून बिरू इथंच राहत होता असा ग्रामपंचायतीचा दाखला त्यांना हवा होता. मी टाईप केलं, ‘मयत हे या गावचे कायमचे रहिवासी होते.’ ‘कायमचे’ लिहिताना बोटं थांबली खरी... पण लिहिलं. आप्पा बाकावर पेपर वाचत बसले होते. म्हणाले, ‘द्या, द्या. आपल्या गावचाच माणूस.’ सरपंचांनी न वाचता सही केली. मी शिक्का मारला.

वहिनींनी दाखला उभ्यानंच सगळा वाचला. मग मला विचारलं, ‘भावजी, किती येळ लागला ह्याला?’

‘पाच मिनिटं,’ मी म्हणालो.

‘एवढंच काम व्हतं व्हय?’ म्हणाल्या, आणि कागद घेऊन गेल्या.