जावयाच्या बाहीचा दोरा

लोंबणारा दोरा दिसला की मास्तरांचे दात शिवशिवतात, असं त्यांची बायको म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. रस्त्याने चाललेल्या परक्या माणसाच्या बाहीला दोरा दिसला तरी मास्तर "एक मिनिट हं" म्हणत त्याचा हात धरतात, आणि तो भानावर यायच्या आत दाताने दोरा तोडून मोकळे होतात. काही लोक आभार मानतात. एकदा बँकेतल्या एका साहेबाने चावला म्हणून बोंब मारली होती, पण मास्तरांच्या मते साहेबाच्या कोटाची शिलाईच हलक्या हाताची होती, आणि त्याचा खरा राग त्या शिलाईवर होता.

शिवणकामात मास्तरांचे केस पांढरे झाले. गावातल्या निम्म्या घरांत भिंतीवर जे फोटो आहेत, त्यांतले कपडे मास्तरांच्या हातचे. कुणाचं लग्न, कुणाची पदवी, कुणाचं पहिलं बाळ. मास्तर कुणाकडे गेले की आधी भिंतीकडे बघतात, आपली कॉलर ओळखतात आणि मग पाणी पितात. स्वतः मात्र ते कुठल्याच फोटोत नाहीत. कॅमेरा आला की नेमकं कुणाचं तरी बटण सैल झालेलं असतं, आणि ते यांनाच दिसतं.

लेकीच्या लग्नात तर कहरच झाला. सगळे ओळीने उभे राहिले आणि जावयाचा कोट काखेत टर्रकन उसवला. मास्तरांनी जावयाला पडद्यामागे ओढलं, कॉलरखाली कायम टोचून ठेवलेली सुई काढली, टाके घातले, दोरा तोडला आणि त्याला पुढे ढकललं. जावई धावत जाऊन उभा राहिला, फोटो निघाला, आणि मास्तर अजून पडद्यामागे सुई कॉलरला टोचत होते. त्या फोटोत कोटाची काख झकास दिसते. मुलीचा बाप कुठे आहे, असं मात्र आजही लोक विचारतात.

म्हणून यंदा लेकीने कंबर कसली. ती लांब राहते, दोन वर्षांत येणं झालं नव्हतं. तिने फोन करून सांगितलं, "बाबा, सुट्टीत आपण सगळे थीम पार्कला जातोय. तिथे मी फोटोग्राफर ठरवलीये. मोबाइलवर टिपणारी नाही, पोटापाण्याला हेच काम करणारी. आणि तुम्ही फोटोत उभे राहणार आहात."

"राहीन की," मास्तर म्हणाले.

"कुणाचंही काहीही उसवलं तरी?"

"अगं, राहीन म्हटलं ना."

इतक्या पटकन हो म्हणाले म्हणजे काहीतरी शिजतंय, हे बायकोने ताडलं. आणि खरंच, दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी निळ्या चौकड्यांच्या कापडाचा तागा घरी आणला. सगळ्यांना एकाच कापडाचे, एकाच बेताचे शर्ट. बायका, पुरुष, पोरं, सगळ्यांना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोटोंसाठी शिवलं, एकदा आपल्या घरच्या फोटोसाठी शिवायचं. शिवाय लेक हल्ली फोनवर अधूनमधून म्हणायची, "बाबा, डोळे दमले असतील, आता दुकान बंद करा." तिला तोंडाने उत्तर देण्यापेक्षा अंगात घालायला दिलेलं बरं, असा त्यांचा हिशेब होता.

"मापं?" बायकोने विचारलं.

"फोनवर दिसतात की सगळे."

"अहो, माणसं आहेत का मटार, नुसतं बघून निवडायला? फोनवर बघून कसली मापं घेता? विचारा तिला सरळ."

"विचारलं तर गंमत काय राहिली? समोरून चालत गेलेल्या माणसाचं माप मी न विचारता सांगतो."

ते खरं होतं. त्यानंतर दर रविवारी व्हिडिओ कॉल आला की मास्तर चष्मा पुसून बसायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. नुसते बघत राहायचे. पलीकडे लेकीला भरून यायचं, बाबा किती हळवे झालेत म्हणून. बाबा तेव्हा जावयाच्या खांद्याची रुंदी काढत असायचे.

थीम पार्कचं फाटक गर्दीसाठी उघडायच्या आधी फोटोवाल्यांना थोडा वेळ आत सोडतात. कारंज्यापाशी, मागे रंगवलेला किल्ला आणि त्याच्या मागे आकाशपाळणा, अशी जागा ठरली होती. फोटोग्राफर लेकीच्याच वयाची होती. गळ्यात दोन कॅमेरे, पायात मळके बूट, कमरेच्या पिशवीत कपडे वाळत घालायचे चिमटे, पिना, पुसायचं फडकं. "फाटक उघडलं की इथे पाय ठेवायला जागा राहत नाही," तिने आल्या आल्या सांगितलं. "काय करायचं ते त्याच्या आत."

तेव्हा मास्तरांनी पिशवी उघडली.

निळे शर्ट बघून लेकीचे डोळेच भरले. नातवाने आनंदाने कारंज्याला एक फेरी मारली. सगळे कपडे बदलायच्या खोलीत गेले, आणि मास्तर आपला शर्ट घालून, बटणं लावून, हात मागे बांधून वाट बघत उभे राहिले. इतक्या ऐटीत ते स्वतःच्या लग्नातही उभे नव्हते.

आधी बायको आली. तिचा शर्ट अंगावर जसाच्या तसा बसला होता. "माझं माप चुकलं असतं तर घरात घेतलं नसतं," ती म्हणाली. मागून लेक आली, तिचाही चोख. मास्तरांनी मान डोलावली. मग नात आली. तेरा वर्षांची काटकुळी पोर, तिच्या शर्टात तिची आणखी एक मैत्रीण मावली असती. नातवाचा शर्ट गुडघ्याखाली पोचला होता. आणि सगळ्यांच्या मागून, श्वास रोखून, तिरका तिरका चालत जावई आला. त्याची दोनच बटणं लागली होती, आणि तीही जिवावर उदार होऊन.

"छान झालाय, मामा," तो न हलता म्हणाला. "थोडा... फिटिंगचा आहे."

"फोनवर दर वेळी सांगता, जिमला जातो, जिमला जातो," मास्तर पुटपुटले. "मला वाटलं, खरंच जाता."

सगळे खोखो हसले. जावई हसला आणि दोनातलं एक बटण उडून कारंज्यात पडलं, तेव्हा तर नातू जमिनीवर लोळला. मास्तर मात्र हसले नाहीत. ते नातीच्या लोंबत्या खांद्यांकडे बघत होते. डोळे दमलेत, असं लेक म्हणत होती. बरोबरच म्हणत होती म्हणायची.

"काढा सगळे," ते म्हणाले. "हॉटेलवर नेतो, उसवून नीट करून आणतो. संध्याकाळी काढा फोटो."

"बाबा, संध्याकाळी ती मोकळी नाही. उद्या आपण निघणार."

"मग तुमचे आपापले कपडे घाला आणि काढा. मी नसलो तरी काय अडतं?"

"परत तेच?" लेक म्हणाली. "लग्नातही असंच झालं, बाबा. मला तुमच्या हातचे कपडे खूप आहेत. तुमचा एक फोटो नाही."

अडचणीत आले की मास्तर चालू लागतात, तसे ते तिकीटखिडकीच्या मागे निघून गेले.

तिथे एक अस्वल बाकावर बसून चहा पीत होतं. म्हणजे अस्वलाचं डोकं मांडीवर ठेवलेलं, आणि पोशाखात एक घामेजलेला तरुण. पोरांशी हात मिळवणं हे त्याचं काम. त्याने मास्तरांकडे बघून हात हलवला आणि मास्तरांना दिसलं, अस्वल काखेत वीतभर उसवलंय. जगात कुणाचीही काख उसवायची तर ती मास्तरांच्या समोरच उसवते. त्यांनी कॉलरखालची सुई काढली.

"हात वर."

अस्वलाने हात वर केला.

फोटोग्राफर त्यांना शोधत आली तेव्हा निम्मी काख शिवून झाली होती. ती घाईत होती, पण टाके बघून जरा थांबली. मग बाकावर टेकली.

"काका, एक सांगा. घरच्यांची मापं कशी घेतली होती?"

"फोनवर बघून." मास्तरांनी वर बघितलं नाही. "नजर गेली माझी, दुसरं काय."

"फोन कोण धरतं तिकडे?"

"नात. अगदी तोंडापाशी धरते. निम्म्या फोनात तिचंच तोंड."

"आणि जावई?"

"तो लांब, टेबलाच्या त्या टोकाला. खात असतो. जिमला जाणारा माणूस."

"नातू?"

"त्याचे नुसते पाय दिसतात. सोफ्यावर उलटा असतो."

फोटोग्राफर इतकी हसली की अस्वलालाही हसू आलं आणि मास्तरांना सुई आवरावी लागली. "काका, फोनची काच असते ना, ती जवळचं फुगवते आणि लांबचं बारीक करते. म्हणून तर मी माणसांना कॅमेऱ्याच्या तोंडाशी उभं करत नाही. तुम्हाला जे दिसलं, त्याचं माप अगदी बरोबर घेतलंत. पोर जाड दिसली, जाड शिवली. जावई बारीक दिसला, बारीक शिवला. मी दिवसभर कॅमेऱ्यातून बघते, पण इतकी मापशीर चूक मला नसती जमली."

मास्तरांनी टाका ओढून धरला. "आणि लेकीचा? तो कसा बसला मग?"

"तुम्हीच सांगा."

मास्तर विचारात पडले. लेकीचं माप त्यांनी फोनवरून घेतलंच नव्हतं. तिचं कापड कापताना फोन आठवलाही नव्हता, हात आपोआप चालला होता. बायकोचंही तसंच.

"म्हणजे डोळे ठणठणीत आहेत," ते हळूच म्हणाले.

"ठणठणीत. आता उठा, फाटक उघडेल."

"एवढे चार टाके..."

"काका."

"बरं, बरं." पण त्यांनी ते चार टाके घातलेच. अस्वलाला अर्धवट सोडून जाण्याइतके ते निष्ठुर नव्हते.

कारंज्यापाशी येताच मास्तर खांदे मागे टाकून म्हणाले, "बापलेकींनो, शर्ट बदला." नातीने बापाकडे आणि बापाने तिच्याकडे बघितलं, आणि दोघांच्याही डोक्यात एकदम उजेड पडला. दोघं धावत जाऊन बदलून आले. नातीच्या अंगावर बापाचा शर्ट असा बसला की तिने पुन्हा काढला नाही, रात्री त्यातच झोपली. हरवलेल्या बटणाच्या जागी पदक लावावं तशी तिने एक पिन लावली. जावई मोकळा श्वास घेऊ लागला. नातवाचा शर्ट फोटोग्राफरने पाठीमागे चिमटे लावून वर घेतला. पुढून तो साहेब दिसत होता आणि मागून वाळत घातलेली चादर.

मास्तर मध्ये, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला लेक. लेकीने वडिलांचा दंड धरला. पोरं पुढे, जावई लेकीच्या शेजारी.

ही फोटोग्राफर कुणाला हसा म्हणत नाही. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि विचारलं, "घरात सगळ्यात जोरात कोण घोरतं?" पाच हात जावयाकडे वळले. जावयाने आपला हात वर करून सासूकडे बोट दाखवलं. सासूने "काहीतरीच" म्हटलं आणि स्वतःच हसत सुटली.

"आता आहात तसे राहा. हलू नका."

आणि नेमका तेव्हा मास्तरांना तो दिसला. जावयाच्या वर केलेल्या बाहीला, बटणापाशी, चांगला बोटभर लांब पांढरा दोरा लोंबत होता. निळ्या चौकडीवर पांढरा दोरा. त्यांच्याच हातचा, शेवटच्या घाईत राहिलेला. दात शिवशिवले. एक पाऊल पुढे, मान खाली, की काम झालं. पापणी लवते न लवते तेवढा वेळ.

लेकीला बाबांची नजर कुठे गेली ते कळलं. तिची दंडावरची बोटं घट्ट झाली.

मास्तरांनी पाय जागेवर ठेवला. मोठा श्वास घेतला, लेकीच्या हातावर आपला हात ठेवला आणि समोर बघितलं. कॅमेरा वाजला. मग फाटक उघडलं, लोंढा आत आला, आणि सगळ्यात पुढे ते अस्वल दोन्ही हात वर करून नाचत होतं.

तो फोटो आता दुकानात आहे, शिलाई मशिनच्या वर, बरोबर मास्तरांच्या डोळ्यांसमोर. दुकान चालू आहे, आणि बंद करायचं नाव लेक काढत नाही. जावई मात्र फोनवर तक्रार करतो, "मामा, तुमची मुलगी तो दोरा तोडू देत नाही हो, ऑफिसात लोक ओढायला येतात." मास्तर हसतात आणि नातीला म्हणतात, फोन जरा लांब धर.

गिऱ्हाईक आलं की माप घ्यायच्या आधी त्याला फोटो दाखवायचा, हा नवा नियम झालाय. गिऱ्हाईक किल्ला बघतं, आकाशपाळणा बघतं, नातवंडांचं कौतुक करतं. मास्तर त्याचं बोट धरून बरोबर जावयाच्या बाहीवर नेतात.

"हा दोरा दिसला का?"

"अरेच्चा, हो की. तुमच्या लक्षात नाही आला, मास्तर?"

"आला होता ना," मास्तर म्हणतात. "तोडायला गेलो असतो, तर फोटोत मी नसतो."