आत्याचा हजारचा आकडा

आत्या फोनला मोठ्याने शह द्यायची. समोरचा माणूस ब्राझीलचा असो की बिहारचा, घोडा पुढे ठेवला की ती मान जरा झुकवून म्हणायची, "पावनं, शह हाय. राजा सांभाळा." आवाज तिकडे जात नाही हे मी तिला अनेकदा सांगितलं. "जाऊ दे न्हाईतर ऱ्हाऊ दे," ती म्हणायची, "न सांगता कुनाच्या राजावर जायचं न्हाई." पाच मिनिटांच्या डावात या सौजन्यापायी तिचा बराच वेळ जायचा आणि पावणे तिचा उंट घेऊन मोकळे व्हायचे.

ही माझी सख्खी आत्या, मळवलीची. बुद्धिबळ तिला माझ्या आजोबांनी शिकवलं, तेही देशी पद्धतीचं. लग्नानंतर पट आणि मोहरी तिने सासरी नेली, पण तिथे खेळणार कोण? काका शेतात नाहीतर भजनात. पुढे काका गेले, मुलगा नितीन नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि तिच्या गुडघ्यांनी असा दगा दिला की भातलावणीला वाकणं बंद झालं. बांधावर खुर्ची टाकून दुसऱ्यांची लावणी बघत बसणं तिला सोसेना. माझं लोणावळ्यात झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी फोनवर बुद्धिबळ खेळत बसतो. तेच मी तिच्या फोनवर घालून दिलं. म्हटलं, चार दिवस करमेल म्हातारीला.

नवे नियम तिला मुळीच पटले नाहीत. किल्लेकोट बघून ती म्हणाली, "राजानं हत्तीच्या आड दडायचं? मग त्यो राजा कसला?" प्यादं पहिल्यांदाच दोन घरं उडी मारतं याचाही तिला राग होता. पण खरी अडचण बुर्जीची. देशी डावात समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा उरवला, की त्याला बुर्जी म्हणतात आणि तो जय अर्धाच धरतात. म्हणून जुने खेळणारे शेवटचं एखादं प्यादं मुद्दाम जिवंत ठेवतात आणि मग मात करतात. आत्याही ठेवायची. ती मात शोधत असताना ते प्यादं तुरुतुरु पुढे जायचं, त्याचा वजीर व्हायचा आणि जिंकलेला डाव हातचा जायचा. मी कपाळावर हात मारून घ्यायचो. ती मात्र शांत असायची. "एकटं पाडून मारन्यात काय मोटेपना हाय?"

अशाने रेटिंग, म्हणजे हार-जीत बघून फोन देतो तो आकडा, कुठलं वाढायला? ते पाचशेच्या आसपास लोळत होतं आणि तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मग एकदा व्हिडिओ कॉलवर नितीन हसत म्हणाला, "आई, हजार कर, मग माझ्याशी खेळ." नितीन कॉलेजात असताना चांगला खेळायचा. बोलला आणि विसरलाही असेल. आत्या विसरली नाही.

त्याचा फोन रविवारी यायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, चल ठेवतो. आत्या एकदा मला म्हणाली, "संज्या, त्यो माजी चवकशी करतो. चवकशी दवाखान्यातली नर्सपन करती. मला त्यो डाव मांडून म्होरं बसाया पायजे."

त्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. घरात रेंज नसायची, म्हणून शेजारच्या बंगल्याच्या कुंपणाला प्लास्टिकची खुर्ची टेकवून ती बसायची. बंगल्याची किल्ली तिच्याकडे असे आणि मालकांनी वायफायही देऊन टाकलं होतं. शनिवार-रविवारी तिथे मुंबईची मंडळी उतरायची, गाणी लागायची आणि आत्याचं रेटिंग घसरायचं. "ह्यांच्या नाचापायी माजा हत्ती गेला," म्हणून ती कुंपणापलीकडे रागाने बघायची आणि वर त्यांच्यासाठीच पिठलं-भाकरी करायला उठायची.

शेवटचं प्यादं खायला मी तिला कसं तयार केलं ते मलाच ठाऊक. शेवटी नितीनचंच नाव काढावं लागलं. मग ती खायची, पण आधी "माफी करा, पावनं" म्हणून. तेवढ्याने गाडी चढाला लागली. सातशे, आठशे, मग बरेच दिवस नऊशेच्या चिखलात रुतलेली. मी दुकान लवकर बंद करून मळवलीला जाऊ लागलो. बायको म्हणायची, परीक्षा आत्याची आहे की तुमची? खरं सांगायचं तर दोघांची होती. ते कुंपण, ती खुर्ची, माझी चुकीची चाल पकडल्यावरचं तिचं खट्याळ हसू, या सगळ्यासाठी आता जीव तुटतो.

हजार झाले त्या दिवशी तिने मला तांदळाची भाकरी आणि वाटाण्याची आमटी आग्रहाने वाढली आणि वाढता वाढता सारखा फोन उघडून आकडा बघितला. नितीनला मीच कळवलं. त्याने शब्द पाळला. रविवारी सकाळी, बंगल्यातली मंडळी झोपेत असताना, डाव लागला. आत्याने इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. मी विचारलं, त्याला थोडंच दिसणार आहे? म्हणाली, "मला ठावं हाय की."

ती झकास खेळली. तिकडे शनिवारची रात्र, कामावरून दमून आलेला असेल म्हणा, नितीनने घोडा फुकट घालवला, मग हत्ती. शेवटी त्याचा राजा आणि एक प्यादं उरलं. आत्याची एका चालीत मात होती आणि घड्याळात वेळही भरपूर होता. तिने मात्र हात मांडीवर ठेवले.

"आत्या, मात आहे," मी हळूच म्हणालो.

"दिसतीया की मला."

"मग खेळ ना."

"बस जरा," ती म्हणाली. तिची नजर नितीनच्या नावाशेजारच्या हिरव्या ठिपक्यावर होती. "मात केली की उठून जाईल त्यो. आजून हितंच हाय, बसलाय म्होरं. बसू दे."

घड्याळ संपलं, ती हरली आणि दिवसभर खुशीत होती.

नितीनने पुन्हा डाव मागितला नाही. तिनेही विचारलं नाही. "लेकाच्या मागं लागायचं न्हाई. त्येला वाटंल तवा बोलवंल," म्हणाली. पण खेळणं तिने सोडलं नाही, उलट पार कंबर कसली. रेटिंग हजारच्या खाली गेलं की जेवण गोड लागायचं नाही. "खाली ऱ्हायलं तर त्यो कसा बोलवंल?" गुडघे सुजलेले असले तरी खुर्ची कुंपणापाशी जायचीच. भात कापणीला आला त्या सुमारास ताप आला आणि त्यातच ती गेली.

नितीन आला, दहावा झाला. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघे ओटीवर बसलो होतो. तो आपणहून म्हणाला, "आमच्या डावात तिची सरळ मात होती रे. तिला दिसलीच नाही. मी तिकडे बसून घड्याळ बघत होतो आणि मला फार वाईट वाटलं. म्हटलं, वय झालं, घड्याळाचा खेळ झेपत नाही तिला आता. उगीच हरायला लावून दुखवायचं कशाला? म्हणून मी नंतर बोलावलंच नाही."

"दिसली होती तिला," मी म्हणालो आणि त्या सकाळी ती काय बोलली ते सांगितलं.

तो खाली बघत म्हणाला, "नंतर वाट बघायची का ती?"

"रोज," मी म्हणालो.