हळूच आणि हळूहळू

माझ्या ऱ्हस्वदीर्घाला कोणी हसू नये. चौथी पास झाले आणि लगेच घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसले. त्यानंतर हातात पेन आलं ते कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडण्यापुरतंच. अक्षर तर माझं मलाच कधीकधी लागत नाही. हे मी कोणाला दाखवणार नाही, तरी चुकून कोणाच्या हाती लागलं तर सांभाळून घ्यावं.

लिहायला बसले ती नातीमुळे. तिच्या पुस्तकात विरुद्धार्थी शब्द होते. 'भपकेबाज'समोर तिने 'साधा' लिहिलं आणि 'अचानक'पाशी अडली. "सांग ना वं आजी," म्हणाली. मी म्हटलं, "हळूहळू." "असं थोडंच असते!" म्हणून ती आईकडे पळाली. मी मात्र तिथेच बसून राहिले, कारण मला माझा दादा आठवला.

माझं माहेर उमरेडचं. तिकडेही माग आणि इकडे नागपुरात सासरीही माग. दादा सूत न्यायला छोट्या रुळांच्या आगगाडीने इतवारीच्या बाजारात यायचा आणि जाताना आमच्याकडे डोकवायचा. हाक मारायची त्याला सवय नव्हती. दाराबाहेर उभा राहून नुसता खाकरायचा. चहा घेतला तरी निघताना माझ्या लेकीच्या मुठीत नाणं ठेवायचा, कारण बहिणीच्या घरचं फुकट खाऊ नये असं आमच्या बाबांचं सांगणं होतं.

आमच्या यांचा स्वभाव अगदी उलटा. त्या वर्षांत साध्या सुती लुगड्यांचा खप कमी होऊ लागला होता. यांनी एकदम ठरवलं, चमकत्या जरीची आणि लालभडक काठांची लुगडी विणायची. "साध्याले आता कोण विचारते? पाहशील तू, दिवाळीत इतवारीतले शेठ माह्या दारात उभे राहतीन." त्यासाठी पैसे हवे होते. ते दादाने दिले. माझ्या भाचीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले होते. फडक्यात बांधून आणले, माझ्यासमोर ठेवले आणि एवढंच म्हणाला, "पोरीच्या लग्नाले अजून अवकाश हाय."

रंगवलेलं सूत आणलं की आधी त्यातलं थोडं गरम पाण्यात टाकून पाहायचं, रंग सुटतो का ते बघायचं, मगच मागावर घ्यायचं. हे कोष्ट्याच्या घरातल्या पोराटोरालाही माहीत असतं. यांना दिवाळी गाठायची घाई. पाहिलंच नाही. लुगडी दिसायला फार सुरेख झाली, शेजारच्या बाया पाहायला येत. पण पहिल्याच पाण्यात लाल काठाचा रंग पांढऱ्या अंगावर फुटला. शेठने सगळा गठ्ठा परत पाठवला.

मला काळजी एकच लागली. भाचीचं लग्न ठरलं आणि हाती पैसे नसले, तर दादाला त्याच्या दोनपैकी एक माग विकावा लागणार. एका मागावर त्याचं घर चालणार नव्हतं.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा माझ्याजवळ होते तेवढे पैसे मी त्याच्यापुढे ठेवले. त्याने हात मागे घेतला, जसा काही चटका बसला.

"बहिणीच्या घरचे पैसे घेऊ? बाबा असते तर घरातून काढलं असतं मले."

"पण तुहेच हायेत ना दादा."

"ठेव वं. चहा थंडा होऊन राहिला."

म्हणजे घ्यायचे नाहीत आणि लागणार तर आहेत, असा पेच होता.

आमचा दुसरा माग रिकामा पडला होता. त्यावर मी बसले. बायका कांड्या भरत, मागावर पुरुषमाणसं बसत. पण बाबांच्या शेजारी बसून पाहून पाहून माझ्या पायांना ते येत होतं. मी पंचे विणायला घेतले. ना काठ, ना जरी. हे म्हणाले, "आता बायको मागावर बसली म्हणून हासतीन लोक." मी धोटा फेकत राहिले. थोड्या दिवसांनी हेच मागावर माझ्या उभ्या सुताचा ताणा लावून द्यायला लागले.

पंचे विकायला मी धरमपेठेत जायची. तिथे बंगल्याच्या फाटकापाशी उभी राहायची, पण हाक मारायला तोंडच उघडत नसे. एका बंगल्यात कुत्रा होता. तो भुंकला की बाई बाहेर यायच्या आणि पंचे घ्यायच्या. पुढे त्यांनी आजूबाजूच्या घरांत सांगितलं. माझा धंदा त्या कुत्र्याने सुरू करून दिला असंच म्हणावं लागेल.

उन्हाळ्यात माहेरी जाताना शेवयांचा डबा नेला. तळाशी कागदात पैसे घातले, वर शेवया.

"वहिनी, डबा तुम्हीच उघडा," मी म्हटलं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "बाई, जड दिसते डबा." एवढंच बोलून ती आत घेऊन गेली. निघताना डबा धुऊन परत दिला. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून त्यात लाखोळीची डाळ होती.

तसं सुरू झालं. दिवाळीला करंज्या, संक्रांतीला तिळगूळ, उन्हाळ्यात पुन्हा शेवया. कधी पैसे थोडे असत, कधी त्याहून थोडे. परत येताना डब्यात जवसाची चटणी, तांदूळ, कधी गूळ. आज ते दिवस आठवले की त्या चटणीचा वास येतो. चिंता होती, तरी उमरेडचं स्टेशन दिसलं की मी तेव्हाही पोरीसारखी उठून दाराशी जायची.

भाचीचं लग्न ठरलं. माग विकावा लागला नाही. थोडेच पैसे द्यायचे राहिले होते, ते मी लग्नाला जाताना बरोबर घेतले. हे गाडीत म्हणाले, "आहेर पुकारतात ना लाऊडस्पीकरवर, तवा हे पुकारू दे. सारा पैसा फेडला म्हणा. समजू दे लोकाईले."

"नाही."

"काहून? इतके दिवस मान खाली घालून राहिलो मी."

"असं पुकारलं तर दादा हात लावणार नाही. त्यानं देताना कोणाले सांगितलं होतं?"

हे खिडकीबाहेर पाहत बसले. कुही स्टेशन गेलं. मग म्हणाले, "बरं. तूच पाहून घे."

वरात गेल्यावर दुसऱ्या दिवशी मांडव सोडत होते. वहिनी मला म्हणाली, "या खेपेले तुम्हीच द्या बाई, मले नका मधात घालू." दादा एका बाजूला बसून दोर गुंडाळत होता. मी पैसे पुढे केले.

त्याने पाहिलं. "आज शेवया नाई काय?"

"तुले माहीत होतं?"

"तुह्या वहिनीच्या पोटात काही राहते काय? पहिल्याच डब्याले सांगितलं तिनं."

"मग घेतले काहून?"

"पैसे कुठं देऊन राहिली होती तू? शेवया देऊन राहिली होती. थोड्या खारट होत्या, पण खाल्ल्या."

मी हसले आणि पदर डोळ्यांना लावला. त्याने दोर खाली ठेवला, अंगठा ओला करून नोटा नीट मोजल्या आणि कोपरीच्या खिशात घातल्या.

"तुमचे उसने पैसे झाले गा पूर्ण," तो यांना म्हणाला, कारण हे मागे येऊन उभे होते. "आता तुमच्याकडे माहं काही बाकी नाई."