अर्धा कप चहा

कासमभाईंच्या घरी चहा चढ बघून मिळायचा. वरच्या वस्तीतल्या अगदी शेवटच्या दगडी घराच्या ओट्यावर ते उभे राहत आणि खालून येणाऱ्याकडे परीक्षकासारखे बघत. वाटेत कोणी दम खायला टेकलं, की वरून आरोळी यायची, "थांबलात! अर्धा कप!" आणि खरोखर अर्धाच देत. मला पूर्ण कप कधी मिळाला नाही.

ते आमच्या सिमेंट कारखान्यातले जुने फिटर, मी तिथेच ऑफिसात. अमिरातीतलं, फुजैराच्या बाजूचं आमचं शहर म्हणजे कारखाने, खडीचे क्रशर आणि ट्रक. डोंगरउतारावरची ही वस्ती तेवढी जुनी. मूळ अरब कुटुंबं केव्हाच खाली व्हिलांमध्ये गेली आणि घरं भाड्याने आपल्या लोकांकडे आली. रत्नागिरीकडचे कासमभाई तरुणपणापासून तिथे राहिले आणि खालच्या सगळ्यांना कमी समजत आले. माझा एसी फ्लॅट पाहून म्हणाले, "मॅडम, हे खोकं आहे. कितीही वर ठेवलं तरी खोकंच."

मग वारसा म्हणून ही वस्ती जपायचं सरकारने ठरवलं. समिती येऊन घरं बघणार होती. जुन्या रूपात असेल ते घर राहणार आणि राहणाऱ्यालाच तिथे राखणदार नेमणार. बाकीची पाडणार. मी कासमभाईंना बजावलं, "एक, झाडून घ्या. दोन, कशालाही हात लावू नका. तीन, दुसरी सूचना विसरू नका."

"इन्शाल्ला, मॅडम."

त्यांच्या तोंडून हा शब्द आला की काम होत नाही, हा माझा ऑफिसातला अनुभव होता. तरी मी निर्धास्त राहिले.

समितीच्या दिवशी वर गेले, तर घर ओळखू येईना. दगडी भिंतींना गुळगुळीत प्लास्टर, त्यावर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट, ओट्याला चकचकीत टाइल्स. सिमेंट आमच्याच कारखान्याचं. म्हणजे डोंगर फोडून, भाजून, दळून, पोत्यात भरून पुन्हा डोंगरालाच फासला होता.

"हे काय करून ठेवलंत?"

"पाहुणे येणार ना! ईदला घर रंगवत नाही काय आपण? उघडी भिंत दाखवू? म्हणतील, इतकी वर्षं हा माणूस भिकाऱ्यासारखा राहिला."

समितीतल्या बाईंनी भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि त्या पुढे गेल्या. शेजारच्या बशीरचं घर पास झालं. त्याने जन्मात एक खिळा ठोकला नव्हता. जळमटांसकट वारसा ठरला आणि राखणदारही झाला. जुनं जपण्यात आळसाचा वाटा केवढा असतो, ते मला तेव्हा कळलं.

"खलास," कासमभाई म्हणाले आणि टाइलवरची धूळ बाहीने पुसू लागले.

आता ते अजमानला मुलाकडे असतात, सातव्या मजल्यावर. परवा मी भेटायला गेले तेव्हा मुद्दाम लिफ्ट टाळली. जिन्यात दोनदा टेकले. दारात ते नव्हते. आत गॅलरीत बसून खालचं पार्किंग बघत होते. सूनबाईंनी चहा आणला, काठोकाठ भरलेला.

"कासमभाई, मी वाटेत थांबले होते," मी आठवण करून दिली.

"खोक्यात कोण बघतो, मॅडम? प्या."

चहा चांगला होता. मी अर्धाच प्यायले.