आमच्या तळ्यातल्या माशांना भेव वाटत नाही

मंडळी, सकाळपासून डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहून राह्यलो.

टेंभुर्णीजवळ आमचं शेततळं आहे. औषध नाही, इंजेक्शन नाही. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प मासे तळ्यातच अंडी घालतात, तिथंच वाढतात. नोकरी बियाण्याच्या कंपनीत, त्यामुळे निवड करायची मला खोडच. खाणं टाकताच बिनधास्त हातापाशी येणारे मासे मी बियाण्याला ठेवतो. बुजरे, तळाशी दडणारे बाजारात जातात. धीट मासा जास्त खातो, जल्दी वाढतो. पिढ्यान् पिढ्या हेच केलं.

आज बायकोसोबत तळ्यावर गेलो, तर काठाच्या उथळ पाण्यात बगळा उभा. त्याच्या पायांभोवती आमच्या माशांची पिल्लं गोळा झालेली. तोंडं वर, बिलकुल शांत.

बगळ्यानं एक उचललं. बाकीची हलली नाहीत. रिकाम्या जागेवर मागचं पिल्लू पुढं सरकलं.

मी दगड भिरकावला. बगळा उडाला. पिल्लं मात्र दगड पडला तिथंच तोंड उघडून गेली. मंग आमची सावली पाण्यावर पडली, तशी सगळी आमच्याकडं वळली.

बायको हळूच म्हणली, "अहो, ह्यायला भेव कसं वाटून न्हाई राह्यलं?"

भिणारे सगळे मीच विकून टाकले होते.

कुणाच्या तळ्यात सावली पडताच पळणारे मासे उरलेत का? असतील तर सांगा. मला बियाण्याला पाहिजेत.