थर हरवलेले दगड

आमच्या सांगदरा गावाच्या वर, डोंगराच्या कुशीत एक गुहा आहे. सगळे तिला अस्वलाची गुहा म्हणतात. अस्वल मात्र माझ्या आजोबांनीसुद्धा तिथं पाहिलं नव्हतं. हिवाळ्यात तिच्यात मेंढ्या कोंडायचा हक्क बोइमुरोद अमक यांच्या घराकडं होता. अमक म्हणजे काका. माझे ते सख्खे कुणी नव्हेत, पण आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच, त्यामुळं त्यांच्याकडचा खोकलासुद्धा आमच्याकडं ऐकू यायचा.

अमक विशीत असताना राजधानी दुशान्बेहून दोन ट्रक भरून माणसं आली. त्यांचा म्होरक्या म्हणजे वेनियामिन पावलोविच, पाठीत थोडा वाकलेला एक उंच रशियन. गुहेतलं पिढ्यान्‌पिढ्यांचं लेंडीखत उपसल्यावर खाली राख लागली, राखेखाली पिवळी माती आणि त्या मातीत दगडाची पाती, तासण्या, कपच्या. मेंढ्यांचा तिथला मुक्काम संपला तो कायमचा. "मेंढरं उघड्यावर आणि दगडांना छप्पर," असं अमकांचे वडील मरेपर्यंत कुरकुरत राहिले. मुलगा मात्र पहिल्याच उन्हाळ्यात खणायच्या कामाला लागला आणि पुढं दर उन्हाळ्यात लागतच राहिला.

हे खणणं म्हणजे कुदळ मारणं नव्हे. गुहेत जमिनीवर दोऱ्यांच्या चौकटी आखलेल्या असत. चौकटीत पालथं पडून सुरीच्या टोकानं माती हलकेच सोडवायची, ब्रशनं झाडायची. दगड दिसला तरी उचलायचा नाही. तो कुठल्या चौकटीत, कुठल्या थरात, किती खोल, हे आधी चिठ्ठीवर लिहायचं आणि मग दगड आणि चिठ्ठी एका पुडीत. एकदा शहरातून आलेल्या एका पोरानं छानसं पातं खिशात घालून खाली तंबूत दाखवायला आणलं. पावलोविचांनी ते हातातही घेतलं नाही.

"चांगलं आहे. आता होणाऱ्या बायकोला दे. मला त्याचा उपयोग नाही," ते म्हणाले.

"पण सर, किती जुनं आहे हे."

"किती? कुणाशेजारी पडलं होतं ते? वर राख होती की खाली?"

पोराला सांगता येईना. ही गोष्ट अमक इतक्यांदा सांगायचे, की चहाखान्यात ते सुरू झाले की बाकीचे शेवट आधीच म्हणून टाकायचे. त्यांची टिंगल पुष्कळ व्हायची. "काय बोइमुरोद, आज किती दगड व्याले?" असं कुणी विचारलं की ते शांतपणे सांगायचे, "तुझ्या गाईपेक्षा जास्त." त्यांची बायको ओयसुलतान जिभेची आणखी तिखट. अंगणातच खोदकामवाल्यांनी सामानाची एक खोली बांधली, पेट्या रचल्या आणि किल्ली अमकांच्या गळ्यात आली, तेव्हा ती माझ्या आईला म्हणाली, "लोकांचे नवरे गाई बांधतात. आमच्या माणसानं दारात दगड बांधलेत. दूध काढायला बसू का आता?" पण पुड्यांना उंदीर लागू नयेत म्हणून त्या खोलीत मांजर नेऊन सोडायची ती तीच.

शेवटच्या उन्हाळ्यात सगळ्यांत खालचा थर उघडला. तिथं एक चूल सापडली आणि चुलीपाशी कपच्यांचा सडा. अमकांनी मला मुद्दाम वर नेऊन दाखवलं. सड्याच्या मधोमध दोन पट्टे रिकामे होते.

"बघ मास्तर," ते म्हणाले. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवायला लागलो होतो. "इथं माणूस बसला होता. पाय असे पसरून. पायांवर पडलेल्या कपच्या त्यानं उठताना झटकल्या, म्हणून ही जागा मोकळी राहिली."

त्यांनी चौकटीबाहेर बसून दोन्ही पाय तसे पसरून दाखवले. पावलोविच मागं उभे होते. हसतील असं मला वाटलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली.

आधीच्या थरांच्या पेट्यांबरोबर त्या थरातल्याही सगळ्या पुड्या अमकांच्या खोलीत आल्या. त्या साली पेट्रोल मिळत नव्हतं, देशाचंच काय होणार ते कुणाला ठाऊक नव्हतं. निघताना पावलोविच म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात ट्रक आणतो. शहरात प्रत्येक दगडावर शाईनं आकडा घालू, मग चिठ्ठी हरवली तरी भीती नाही. तोवर तू आहेस."

"मी आहे की," अमक म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात ट्रक आला नाही. लढाई आली. आमचीच माणसं आमच्याच माणसांना गाव आणि बोली विचारून मारत होती. अमकांचा एकुलता एक मुलगा इद्रीस खाली कुर्गोनतेप्पा शहराकडं बस चालवायचा. तो कुठल्या नाक्यावर उतरवला गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याची बायको निसो तान्ही मुलगी पाठीला बांधून, लोकांच्या गाड्यांवरून आणि पुढं पायी, कशीबशी सांगदऱ्याला पोचली. मुलीचं नाव रुखशोना.

पानगळीत बंदूकवाले गावात शिरले. अमकांच्या खोलीचं कुलूप बघून त्यांना संशय आला.

"आत काय आहे?"

"दगड."

"दगड कुलपात कोण ठेवतं, म्हाताऱ्या?" असं म्हणून एकानं त्यांच्या खांद्यावर बंदुकीचा दस्ता मारला. पेटी फोडली, तर खरंच दगड. त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं असावं. जाताना त्यांनी गाय नेली, रॉकेलचा डबा नेला आणि पिठाची पोती नेली. खांदा कसाबसा सावरत अमक सांडलेल्या पुड्या गोळा करत बसले. "एकही फुटली नाही," असं मला सांगताना त्यांचा चेहरा जवळजवळ समाधानी होता.

त्या हिवाळ्यात बर्फ लवकर पडलं आणि खिंड बंद झाली. वीज नव्हती, कोळसा नव्हता. गाय गेल्यावर गोवऱ्याही संपल्या. लोकांनी तुतीची झाडं तोडली, ज्या झाडांच्या सुकवलेल्या फळांचं पीठ खाऊन आम्ही जगत होतो तीच झाडं. ओली लाकडं नुसती धुमसायची. अमकांच्या घरात चौघं एका शेगडीभोवती गोधडी ओढून बसलेली असत. त्यांनी आधी गोठ्याची दारं जाळली, मग गोठ्याचे वासे, मग इद्रीसच्या लग्नाचा पलंग. रुखशोनाची छाती भरली होती. तिचा श्वास भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचा.

"पेट्या आहेत," ओयसुलतान एक दिवस म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. "सुकं देवदार आहे."

"त्या माझ्या नाहीत."

"मग कुणाच्या? येणार आहे का तो?"

"येईल."

"इद्रीसच्या बाबा, इद्रीससुद्धा येईल असंच तुम्ही म्हणता."

अमक उठून बाहेर गेले. दोन दिवस ते खोलीकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा ते पेटीचे खिळे उपटत होते. पुड्या त्यांनी जमिनीवर ओळीनं मांडल्या होत्या, थराप्रमाणं, चौकटीप्रमाणं, मधून चालायला वाट ठेवून. "लाकूड जाळायला हरकत नाही. पुड्या शाबूत आहेत. ओळ मोडली नाही म्हणजे झालं," ते म्हणाले.

पेट्या संपल्या. मग त्या खोलीच्या छपराची फळकुटं काढली. बर्फाचं पाणी आत गळायला लागलं. पुड्या ओल्या होऊन फाटू लागल्या तेव्हा चिठ्ठ्या वाचवायला म्हणून त्यांनी त्या पुड्यांतून काढून घेतल्या आणि टोपलीत भरून शेगडीजवळ सुकायला ठेवल्या. कुठली चिठ्ठी कुठल्या दगडाची ते मला ठाऊक आहे, असं ते म्हणत. पण घरात ओलं लाकूड पेटवायला दुसरं काहीच नव्हतं. पोर निळी पडायला लागली तसा निसोनं टोपलीत हात घातला. अमक समोरच बसले होते. त्यांनी तिला अडवलं नाही. शेवटची मूठ त्यांनी स्वतः टाकली.

खोली थोडी ऊबदार झाली. रुखशोना त्याच आठवड्यात गेली. जमीन इतकी गोठली होती, की कबर खणायला मी आणि अमक सकाळपासून दुपारपर्यंत राबलो.

वसंतात ओयसुलतानही गेली. तिला रोग असा काही नव्हता. निसो पुढं एका गावकऱ्याच्या कुटुंबाबरोबर रशियात कामाला गेली. पत्र यायचं, मग यायचं थांबलं. अमक एकटे उरले आणि रोज त्या खोलीत जाऊ लागले. छपरावर त्यांनी गवत आणि माती घातली. आत पाण्याचिखलात ओळी मोडून सगळ्या दगडांचा एक ढीग झाला होता. तो ढीग ते पुन्हा लावत होते. एकेक दगड हातात घ्यायचे, डोळे मिटायचे, बोटांनी चाचपायचे आणि एखाद्या रांगेत ठेवायचे. मी म्हणायचो, "अमक, चहा घ्या." ते म्हणायचे, "थांब. हा चुलीपाशीचा."

असं करण्यात त्यांची काही वर्षं गेली. लढाई मिटली, खिंडीत गाड्या सुरू झाल्या आणि एका उन्हाळ्यात शहरातून तहमीना आली. शिकत असताना ती पावलोविचांबरोबर वर खणायला यायची. आता तिचे केस अर्धे पिकले होते. अमकांनी तिला ओळखलं. तिच्यासाठी त्यांनी नान आणि खडीसाखर मांडली, जी त्यांनी माझ्याकडूनच उसनी नेली होती.

"सर?" त्यांनी विचारलं.

"रशियात गेले होते मुलीकडं. तिथंच वारले. आजारपणात तुमची आठवण काढायचे, अमक."

अमक उठले. मग त्यांनी तिला खोली उघडून दाखवली आणि काय झालं ते सांगितलं, काहीही न लपवता.

तहमीनानं रांगांकडं पाहिलं. मग हळूच विचारलं, "पोर तरी वाचली ना?"

"नाही."

तिनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं. अमकच तिची समजूत काढल्यासारखं म्हणाले, "पण मी सगळं पुन्हा लावलंय. ही वरची राख. हा मधला थर. ही चूल. माझ्याच हातांनी काढलेत हे. तू विचारून बघ."

"नको, अमक."

"विचार म्हणतो ना."

तिनं नाइलाजानं वेगवेगळ्या रांगांतून काही दगड उचलले, ओढणीत मिसळले आणि एकेक त्यांच्या हातात दिला. पहिला त्यांनी बरोबर जागी ठेवला. दुसरा ते फिरवत राहिले आणि भलत्याच रांगेत ठेवला. तिसरा ठेवला, उचलला, परत ठेवला. मग तिनं पहिलाच दगड पुन्हा त्यांच्या हातात दिला, आणि या वेळी त्यांनी तो वेगळ्या थरात ठेवला. मी दारात होतो. मला ते बघवेना. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी हात मागं घेतला.

"सरांचा नकाशा आहे माझ्याकडं," तहमीना म्हणाली. "प्रत्येक दगडाचा ठिपका आहे त्यावर. पण कुठला ठिपका म्हणजे कुठला दगड, ते आता नाही कळणार. काही कपच्या एकमेकींना जुळतात का बघते; जुळल्या तर त्या एकाच बैठकीत तासलेल्या, म्हणजे चुलीपाशीच्या सड्यातल्या. तेवढ्या नेते."

"आणि बाकीच्या?"

"हत्यारंच आहेत ती. माणसानं घडवलेली. पण कधीची, कुणाची, ते सांगता येणार नाही."

"मग मी त्या गुहेत परत नेऊन ठेवतो. गाढवावर घालून. जिथल्या तिथं."

"तसं करू नका," ती घाईनं म्हणाली. "पुढं कुणी खणलं तर त्याची फसगत होईल. वचन द्या मला."

त्यांनी वचन दिलं. मला वाटतं, बाकी सगळं त्यांनी सोसलं होतं. हे मात्र त्यांना फार लागलं. दगड ठेवूनही घेता येईनात आणि परतही करता येईनात.

तहमीना आठवडाभर राहिली. चुलीपाशीच्या मूठभर कपच्या तिला जुळवता आल्या, त्या तिनं कापसात गुंडाळून नेल्या. पुढच्या वर्षी ती थोडी माणसं घेऊन परत आली. पावलोविचांनी गुहेच्या भिंतीलगत एक पट्टा मुद्दाम न खणता सोडला होता, नंतर येणाऱ्यांसाठी. तिथं तिनं पुन्हा दोऱ्या बांधल्या. अमक रोज चढून वर जायचे, पण गुहेच्या तोंडापाशी बसायचे, आत नाही. तहमीना हाक मारायची, "अमक, या ना, थर कुठं बदलतो ते तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर दिसेल."

"तूच बघ, मुली," ते म्हणायचे. "माझा हात आता भरवशाचा नाही."

कुणाची बकरी दोऱ्यांकडं आली की तेवढी हाकलायचे.

ते गेले तेव्हा बर्फ वितळून वाटा चिखलानं भरल्या होत्या. त्यांना आम्ही ओयसुलतानच्या शेजारी ठेवलं. पलीकडं रुखशोनाची लहानशी कबर आहे. इद्रीससाठी त्यांनी जागा राखली होती, ती तशीच मोकळी आहे. त्यांचं घर दूरच्या पुतण्यानं घेतलं. सामानाची खोली पाडताना त्यानं मला विचारलं, या दगडांचं काय करू. मी एक टोपली शाळेत आणली आणि कपाटात ठेवली. मुलं विचारतात, हे किती जुने. मी म्हणतो, फार जुने. त्याहून जास्त मला सांगता येत नाही. उरलेले दगड त्यानं नव्या खोलीच्या जोत्यात भरले.